बे ऑफ क्विंटी: दुपारी बास, सांजेला वॉलाय

टोरंटोहून 401 महामार्गाने पूर्वेला निघालं की दोनेक तासांत बेलव्हिल येतं. ऑन्टारिओ सरोवराचा एक लांबलचक फाटा इथं जमिनीत शिरलाय, तोच बे ऑफ क्विंटी, म्हणजे क्विंटीचं आखात. नकाशावर तो इंग्रजी झेड अक्षरासारखा दिसतो. ट्रेंटन-बेलव्हिलकडचा भाग उथळ, पाणवनस्पतींनी भरलेला. पिक्टन आणि ग्लेनोराच्या बाजूला मात्र पाणी खोल होत जातं आणि शेवटी सरोवराला मिळतं. इथं गळ टाकणाऱ्यानं हा उथळ-खोलाचा हिशेब आधी समजून घ्यावा.

आम्ही सप्टेंबरची अखेर मुद्दाम निवडली होती. इथले जुने लोक ज्याला पिकरेल म्हणतात तो वॉलाय मासा वसंतात अंडी घालतो. मग त्यातले मोठे मासे उन्हाळाभर सरोवराच्या थंड पाण्यात जाऊन राहतात आणि पानं रंगायला लागली की आखाताकडे परततात. स्मॉलमाउथ बास हा दुसरा मासाही थंडीच्या आधी अधाशासारखा खातो. दोघांना एकाच दिवशी गाठायचं तर यापेक्षा चांगला काळ नाही.

दुपारी मामेभावानं बोट खडकाळ उंचवट्यावर नेली. तळाशी चुनखडीच्या लाद्या, आणि पाणी इतकं नितळ की खालचे दगड दिसत होते. ही नितळाई झेब्रा शिंपल्यांची. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते या सरोवरांत आले आणि 1990च्या दशकात या आखातातही पसरले. ते पाणी गाळतात, त्यामुळे ऊन खोलवर पोचतं आणि पाणवनस्पती माजतात. जहाजांबरोबरच आलेला गोबी नावाचा छोटा मासा आता बासचं आवडतं खाद्य झालाय. म्हणून आम्ही गोबीच्या रंगाचं तपकिरी रबरी आमिष तळाशी सावकाश ओढत होतो.

आणि मग तो लागला! दोरी ताणली गेली, काठी वाकली आणि बास पाण्याबाहेर उसळला. "दादा, ओढू नकोस, पळू दे त्याला!" भाऊ ओरडला. दोन किलोच्या आतलाच मासा, पण त्यानं हात भरून आणले. त्याला तीक्ष्ण दात नसतात, त्यामुळे खालच्या ओठात अंगठा घालून उचलता येतं. आम्ही सगळे बास पाण्यात सोडले. एवढं झुंजणाऱ्या माशाला पुन्हा झुंजायची संधी मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

वॉलायची गोष्ट वेगळी. त्याला अंगठा लावायचा नाही, दात सुईसारखे टोचतात आणि कल्ल्याची कडही कापते. त्याच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे टॉर्च पडला की ते मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. भर उन्हात तो खोल पाण्यात किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत दडतो. अंधारून आलं की त्याला दिसतं आणि लहान माशांना दिसत नाही, तीच त्याची शिकारीची वेळ.

ऊन कलल्यावर आखाताच्या लाँग रीच नावाच्या पट्ट्यात आलो. वारा सुटून लाटा उठल्या होत्या, वॉलायसाठी हेच हवं असतं. बोट संथ ठेवून मागे लांब दोरीवर माशाच्या आकाराची आमिषं सोडली. वॉलाय झटका देत नाही. दोरीवर नुसतं वजन येतं, आणि मग डोकं हलवल्याचे जड हिसके. पहिले दोन मध्यम आकाराचे होते, ते ठेवले. तिसरी जाडजूड मादी होती. नियमाप्रमाणे ठेवता आली असती, पण एवढी मादी पुढच्या वसंतात लाखांवर अंडी घालते. भावानं तिला पाण्यातच धरून गळ सोडवला आणि जाऊ दिलं.

रात्री घरी हळद, मीठ, लिंबू आणि बारीक रवा लावून तुकड्या तळल्या. वॉलायचं मांस पांढरंशुभ्र, काटा जवळजवळ नाही, चव सौम्य. भावाचा हात मालवणी मसाल्याच्या डब्याकडे गेला होता, पण मी अडवलं. सुरमईला तो मसाला शोभतो, इथं माशाची मूळ चवच झाकली जाते. वहिनीनं माझी बाजू घेतली आणि दुसरी ताटली तव्यावरूनच संपली.