साताऱ्यात राहावं की सांगलीत? निवृत्तीनंतरच्या गावाच्या शोधात

कायमचं राहायला जायचं गाव भर पावसात बघायचं, हे आमचं निघण्याआधीच ठरलं होतं. डिसेंबरात कुठलंही गाव छान वाटतं. ओल, निसरडे उतार, तुंबलेली गटारं, लाइट जाणं हे सगळं ऑगस्टमध्येच कळतं. आम्ही दोघंही साठीच्या आसपास, पुण्यातल्या नोकऱ्या संपलेल्या, मुलगी बंगळुरूला. मला डोंगर चढायला आणि गाणं ऐकायला लागतं, यांना सायकल. पुण्यात सायकल घेऊन रस्त्यावर उतरायची आता भीती वाटते, म्हणून हा शोध.

साताऱ्याला एसटीनेच जा. स्वारगेटहून विनाथांबा गाड्या सतत सुटतात, अंतर साधारण 110 किलोमीटर. बायकांना अर्धं तिकीट, पासष्टीनंतर पुरुषांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. दर महिन्याला पुण्याला खेप मारणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर माहुलीला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.

आम्ही हॉटेल न घेता गोडोलीत एका घरातली वरची खोली घेतली, गॅस आणि भांड्यांसकट. तुम्हीही असंच करा. भाजी आणायची, दूध लावायचं, पिठाची गिरणी शोधायची, रात्री साडेनऊला औषधाचं दुकान उघडं आहे का बघायचं. यातून जे कळतं ते एजंट सांगत नाही.

सातारा मनात भरलं ते अजिंक्यताऱ्यावरच्या सकाळमुळे. किल्ल्याची उंची सुमारे 3,300 फूट, पण गावच मुळात उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ हजार फुटांच्या आतला. दरवाजाजवळपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही वर जाता येतं. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं आणि तरी माणसांची ये-जा चालू होती. छत्री काठीसारखी टेकवत एक आजी आमच्या पुढे चालल्या होत्या. नऊवारीचा काष्टा, पायात कॅनव्हासचे बूट. दरवाजातून आत गेल्या, मारुतीला हात जोडले, रुमालातले दोन खडीसाखरेचे खडे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "नवीन दिसताय. रोज या. पहिला महिना दम लागतोय, मग काही नाही." आम्ही पायऱ्यांवर टेकेपर्यंत त्या उतरायलाही लागल्या होत्या.

माझा निर्णय निम्मा तिथेच झाला. साठीतल्या माणसाला चालतं ठेवायला सोबत चालणारी माणसं लागतात, आणि ती साताऱ्यात आयती आहेत. 'चार भिंती' या स्मारकापाशी संध्याकाळी बसणारे आहेत, शाहू क्रीडासंकुलात फेऱ्या मारणारे आहेत. 2012पासून इथे हिल मॅरेथॉन होते, 21 किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा. त्या घाटात सरावाला धावणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसं बरीच दिसली. यांनी घाट सायकलवर चढून बघितला, दोनदा थांबून. उतरताना मात्र ब्रेक ओले आणि रस्ता शेवाळलेला, म्हणून पावसाळ्यात सायकल हातात धरूनच उतरा. अजिंक्यताऱ्यावरही उजाडल्याशिवाय निघू नका, त्या उतारांवर बिबट्याचा वावर असतो.

आता साताऱ्याची दुसरी बाजू. जुनं गाव किल्ल्याच्या पायथ्याला उतारावर वसलंय. पेठांमध्ये घर घेतलंत तर भाजीची पिशवी घेऊन रोज चढ. आज मला तो हवासा वाटतो, पंचाहत्तरीत नको वाटेल. म्हणून घर बघायचं ते सदरबझार किंवा गोडोलीच्या सपाट भागात, आणि डोंगर आपणहून चढायला जायचा. पाण्याचं नीट विचारा. काही भागांना कासच्या तलावाचं पाणी येतं, काहींना उरमोडीचं, काहींना कृष्णेचं. किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात दिवसाआड होतं का, हे घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. शेवटची गोष्ट दवाखान्याची. रोजच्या दुखण्याला डॉक्टर भरपूर आहेत, पण मोठ्या आजाराला लोक अजूनही कऱ्हाड किंवा पुण्याकडे बघतात. कोणाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आधी धरूनच विचार करा.

कासला फुलांच्या हंगामात जाऊ नका, निदान शनिवार-रविवारी तरी नाही. फुलं साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. कायम राहायला गेल्यावर मधल्या वारी सकाळी लवकर जाता येतं, आणि साताऱ्यात राहण्याचा खरा फायदा हाच.

मधे एक दिवस वाई बघितली. गाव देखणं, कृष्णेच्या घाटावरचं वातावरण मला फार आवडलं. पण पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी वाईवरून जाते. सुट्टीच्या दिवशी रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागला.

सांगलीला मन वेगळ्या कारणाने ओढ घेत होतं. गाव सपाट, सायकलींचं. पासष्टीचे काका मागे पिशवी अडकवून निवांत चाललेले बघून यांचा चेहरा खुलला. हरिपूरचा रस्ता सकाळच्या फेरीसाठी सुंदर आहे, तिथे संगमेश्वराच्या देवळापाशी कृष्णेला वारणा मिळते. मिरज दहाएक किलोमीटरवर. दवाखान्यांच्या बाबतीत मिरजेला तोड नाही, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून माणसं येतात, 1962पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आणि गाणं! अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गायक येऊन सेवा करतात. सतारमेकर गल्लीत एका दुकानात तुंब्याला दांडी बसवताना बघत मी तासभर उभी होते. कारागिराने काम न थांबवता स्टूल पुढे सरकवलं. मिरज जंक्शनवरून पुणे, मुंबई, बंगळुरू सगळीकडे गाड्या आहेत. लेकीकडे जायला याहून सोयीचं गाव नाही.

पण पूर. सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाने येत नाही, तिथे पाऊस मुळात बेताचाच. वर महाबळेश्वर-कोयनेकडे कोसळतो, धरणातून विसर्ग वाढतो, खाली हरिपुराशी वारणाही फुगलेली असते आणि पाणी गावात पसरतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. गावभागातल्या एका घरी भिंतीवर 2005ची आणि 2019ची रेघ रंगवलेली दाखवली. दुसरी रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "आयर्विनला पस्तीस झालं की आम्ही गॅसची टाकी आणि कागदपत्रं माडीवर नेतो, वाट नाही बघत." त्यांची तयारी बघून आदर वाटला, पण नव्याने येणाऱ्या, मुलं लांब असलेल्या जोडप्याने तिथे घर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगलीत राहायचंच असेल तर विश्रामबागेसारखा उंचावरचा भाग बघा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला येतो ते तपासा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्यानंतर गल्लीत जाऊन 2019ला पाणी कुठवर आलं होतं ते तीन वेगवेगळ्या घरी विचारा. शिवाय सांगलीत गुंठेवारीतले, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले, प्लॉट बरेच आहेत, नियमितीकरणाचा दाखला वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. नदीत पोहायची सवय असेल तर घाटावर रोज पोहणाऱ्यांना आधी मगरींचं विचारा, कृष्णेत त्या आहेत.

आम्ही काय ठरवलं? दिवाळीनंतर सदरबझारात तळमजल्यावर भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार. पुण्याचा फ्लॅट विकायचा नाही, सामान निम्मंच न्यायचं. उरुसाला मिरजेला दोन-चार दिवस मुक्काम करू. एक अख्खा पावसाळा साताऱ्यात काढला की मगच विकत घ्यायचं बघू, आणि तेव्हा यांचं मत अजूनही सांगलीच्या सपाट रस्त्यांकडे असेल तर विश्रामबागेत पुन्हा अकरा महिने.