बेळगावच्या पावसाचे आलेख क्लस्टरवर काढताना: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यात पावसाची दोन टोकं आहेत. खानापूर तालुक्यात कणकुंबी, आमगावच्या बाजूला जुलैत दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाही, आणि त्याच आठवड्यात अथणीचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. निपाणी-चिकोडीचं गणित आणखी वेगळं. तिथला पूर पुष्कळदा दुसरीकडे पडलेल्या पावसाचा असतो. कोल्हापूरच्या घाटात कोसळला की दूधगंगा, वेदगंगा फुगतात, वरून कृष्णा भरून येते आणि कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन्ही पूर इथल्या माणसांनी अंगावर झेललेले आहेत.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र करायच्या, प्रत्येक केंद्राचा दरवर्षीचा आलेख मराठीत आणि कन्नडमध्ये काढायचा, आणि तो ग्रामपंचायतींच्या व ऊस उत्पादकांच्या हातात द्यायचा, असं आमच्या कॉलेजात ठरलं. मी तिथल्या संगणक प्रयोगशाळेत काम करतो. आलेख काढून साठवण्याची बाजू माझ्याकडे आली. हे काम क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, कसं पार पडलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या भाषेत या विषयावर फार कमी सापडतं आणि यातल्या काही अडचणी तर फक्त आपल्याच लिपीच्या आहेत.

स्वयंचलित पर्जन्यमापक दर पंधरा मिनिटांनी नोंद देतो. म्हणजे दिवसाच्या ९६ नोंदी, वर्षाच्या ३५,०४०, आणि त्याही एकाच केंद्राच्या. केंद्रं आणि वर्षं वाढत गेली की लॅपटॉप दम टाकतो. प्रयोगशाळेतली यंत्रं जोडून केलेला एक छोटा क्लस्टर आमच्याकडे आहे. त्यावर अपाची स्पार्क चालतं, म्हणजे मोठं काम अनेक यंत्रांवर वाटून देणारी प्रणाली, आणि फाइल्स एचडीएफएसमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या सामायिक साठवणीत, राहतात. आलेखासाठी पायथॉन भाषेतली मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युतसंकेत बघता यावेत म्हणून ते लिहायला घेतलं होतं. २००३ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं आणि आज जगभर वापरलं जातं.

क्लस्टरमधल्या यंत्रांना पडदा नसतो, तेव्हा खिडकी उघडून चित्र दाखवण्याचा प्रश्नच येत नाही. मॅटप्लॉटलिबला ‘ॲग’ (Agg) नावाचा बॅकएंड, म्हणजे चित्र रंगवणारा भाग, द्यायचा, तो चित्र थेट स्मृतीत रंगवतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये एमपीएलबॅकएंड (MPLBACKEND) हे चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ‘ॲग’ असं ठेवलं की झालं. सोबत एमपीएलकॉन्फिगडिर (MPLCONFIGDIR) हे चलसुद्धा लिहिता येईल अशा जागेकडे वळवावं. नाहीतर प्रत्येक यंत्रावर फॉन्टची यादी नव्याने तयार होत राहते आणि सुरुवातीलाच वेळ जातो.

खरा विचार करायला लागतो तो साठवण्याचा. स्पार्कमध्ये तुम्ही ज्या यंत्राशी बोलता तो ड्रायव्हर. प्रत्यक्ष काम करणारे एक्झिक्युटर वेगवेगळ्या यंत्रांवर असतात. आलेख काढणारं फंक्शन एक्झिक्युटरवर चालतं, आणि त्यात ‘सेव्हफिग’ या चित्र साठवणाऱ्या आज्ञेला एखाद्या फोल्डरचा पत्ता दिला तर फाइल त्या एक्झिक्युटरच्या यंत्राच्या डिस्कवर पडते. ती ड्रायव्हरवर येत नाही, एचडीएफएसमध्येही जात नाही. कार्यक्रम बिनतक्रार संपतो, त्रुटीचा संदेश नसतो, आणि आलेख मात्र चार यंत्रांवर चार ठिकाणी विखुरलेले असतात. त्यात एखादं काम मध्येच पडलं तर स्पार्क ते दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालवतं, मग एकाच केंद्राचा अर्धा आलेख इथे आणि पूर्ण आलेख तिथे, असंही होऊ शकतं.

यावर मला पटलेला उपाय असा. फाइल लिहायचीच नाही. चित्र स्मृतीतल्या बफरमध्ये साठवायचं, त्याचे बाइट्स घ्यायचे आणि ते फंक्शनचं उत्तर म्हणून परत द्यायचे. केंद्राचा कोड, तालुका, वर्ष, भाषा आणि चित्राचे बाइट्स, अशी एक ओळ. मग ही सगळी सारणी पार्केट या सारणी साठवण्याच्या फाइल-स्वरूपात एचडीएफएसवर लिहायची. लिहिणं स्पार्ककडे राहिल्यामुळे काम पडलं तरी अर्धवट तुकडे शेवटच्या निकालात येत नाहीत.

हजारो सुट्या पीएनजी फाइल्स एचडीएफएसवर का टाकू नयेत, याचंही कारण सांगतो. तिथला एक ब्लॉक मुळात १२८ एमबीचा आणि प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती ही ठरलेली पद्धत. छोटी फाइल १२८ एमबी जागा खात नाही, हे खरं. पण प्रत्येक फाइलची आणि ब्लॉकची नोंद नेमनोडला, म्हणजे एचडीएफएसचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला, आपल्या स्मृतीत ठेवावी लागते. पन्नास केबीच्या हजारो चित्रांनी नेमनोडवर नाहक ओझं पडतं. क्लस्टर आपल्या एकट्याचा नसतो, त्यावर विद्यार्थ्यांची प्रोजेक्ट्सही चालू असतात.

स्मृतीबद्दल थोडक्यात. मॅटप्लॉटलिबच्या पायप्लॉट या नेहमीच्या भागातून उघडलेली आकृती बंद केल्याशिवाय स्मृतीतून जात नाही, वीसच्या वर उघड्या राहिल्या की तो इशाराही देतो. एक्झिक्युटरवर पायथॉनची तीच प्रक्रिया एकामागून एक केंद्रं घेत राहते, त्यामुळे स्मृती फुगत जाते आणि शेवटी यार्न, म्हणजे क्लस्टरची स्मृती वाटून देणारी प्रणाली, ती प्रक्रिया चालते तो कंटेनर मारून टाकतं. पायप्लॉट बाजूला ठेवून ‘फिगर’ ही वस्तू थेट बनवली की हा प्रश्न मुळातच मिटतो. पायथॉनला लागणारी स्मृती ‘मेमरी ओव्हरहेड’ या वेगळ्या राखून ठेवलेल्या वाट्यातून जाते. ती सहसा एक्झिक्युटरच्या स्मृतीच्या दहा टक्के असते आणि चित्रांच्या कामाला अपुरी पडते. आम्ही ती वाढवून घेतली.

आता पावसाकडे येतो, कारण माझ्या मते क्लस्टरवरच्या आलेखांची सगळ्यात मोठी गोष्ट इथे आहे. प्रत्येक एक्झिक्युटरला फक्त त्याच्या वाट्याच्या केंद्राचा पाऊस दिसतो. उभ्या अक्षाची उंची त्याच्यावर सोडली तर तो आपल्यापुरतं कमाल मूल्य बघून अक्ष ठरवतो. मग अथणीतली चाळीस मिलिमीटरची सर आणि कणकुंबीतला दोनशे मिलिमीटरचा दिवस कागदावर सारख्याच उंचीचे दिसतात. शेजारी ठेवून बघणारा माणूस फसतो, आणि पुराच्या प्रश्नात ही फसगत परवडणारी नाही. म्हणून आधी एक फेरी फक्त आकड्यांची: सगळ्या केंद्रांमधलं रोजच्या पावसाचं कमाल मूल्य काढायचं, ते ब्रॉडकास्ट करून प्रत्येक एक्झिक्युटरला कळवायचं, आणि मगच चित्रं काढायची. हवामान खात्याच्या वर्गवारीच्या रेघाही सगळीकडे त्याच ठेवल्या: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार.

पण समान अक्षावर अथणीचा आलेख जमिनीला चिकटून जातो, आणि तिथल्या शेतकऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवं असतं ते यंदाचा पाऊस नेहमीच्या मानाने किती मागे आहे हे. शेवटी एकाच चित्रात दोन भाग केले. वर रोजचा पाऊस, सगळ्यांना समान अक्षावर. खाली जूनपासून साठत गेलेला पाऊस, त्या केंद्राच्या स्वतःच्या मापात, आणि शेजारी त्याच केंद्राची सरासरीची रेघ. सरासरीसाठी त्या केंद्राची सगळी वर्षं एका ठिकाणी लागतात, म्हणून गट केंद्र-वर्षाचे न करता केंद्राचे केले. प्रत्येक गट पायथॉनच्या पांडाज या सारणी हाताळणाऱ्या लायब्ररीकडे सोपवणाऱ्या स्पार्कच्या ‘अप्लाय इन पांडाज’मध्ये पूर्ण गट एका यंत्राच्या स्मृतीत येतो. त्यामुळे पंधरा मिनिटांच्या नोंदींची रोजची बेरीज आधी स्पार्कमध्येच उरकून घेतली, म्हणजे ३५,०४० ओळींच्या जागी ३६५ उरतात.

या बेरजेत दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, मध्यरात्री नाही. क्लस्टरची घड्याळं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतील तर आपले साडेआठ तिथले तीन होतात, म्हणून स्पार्कच्या सत्राचा वेळपट्टा आशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहून ठेवला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुरात वीज जाते, नेटवर्क जातं, नोंदी तुटतात. पांडाजमध्ये सगळ्या रिकाम्या नोंदींची बेरीज शून्य येते, तर स्पार्कमध्ये ती रिकामीच राहते. म्हणजे पांडाजने बेरीज केली असती तर पुराच्या ऐन दिवशी आलेखावर शून्य पाऊस दिसला असता. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या हातात असा कागद देणं मला अजिबात मान्य नव्हतं. नोंद नसलेले दिवस आम्ही करड्या पट्टीने दाखवले आणि खाली ‘नोंद नाही’ असं लिहिलं.

हे लिहिणंच सगळ्यात अवघड गेलं. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या डेजाव्हू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तिथे चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी ही फॉन्ट फाइल कामासोबत प्रत्येक एक्झिक्युटरला पाठवली आणि चौकोन गेले. पण अक्षरांची जुळणी हा वेगळा विषय आहे. आमच्या क्लस्टरवरच्या आवृत्तीत मॅटप्लॉटलिब एकेक चिन्ह ओळीने मांडत जातं. वेलांटी आधी काढायची, जोडाक्षर जोडायचं, रफार वर न्यायचा, हे त्याला येत नाही. खानापूर, गोकाक, अथणी ही नावं बरी येतात. पण निपाणीतल्या ‘नि’ची वेलांटी ‘प’च्या डोक्यावर जाते, चिकोडीचंही तेच, आणि संकेश्वरमधला ‘श्व’ पाय मोडून पडतो.

नमुन्याचे कागद घेऊन गेलो तेव्हा बिजगर्णीच्या एका काकांनी कागद दूर धरून बघितला. या नावात ऱ्हस्व वेलांटीही आहे आणि रफारही. “काय लिहूलालास रे हे? आमची बिजगर्णी नव्हे ही,” ते म्हणाले. “आकडे मागनं बघूया, गावाचं नाव तेवढं आधी नीट लिही बाळा.” मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सीमाभागात गावाचं नाव कसं लिहिलं जातं याला किती अर्थ असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मार्ग दोन आहेत. पहिला: आलेख एसव्हीजी या, रेघा आणि मजकूर पिक्सेलऐवजी वर्णनाच्या रूपात ठेवणाऱ्या, चित्रप्रकारात साठवायचा आणि त्यातला मजकूर मजकूर म्हणूनच राहू द्यायचा. मग जुळणी ब्राउझर करतो आणि ती बरोबर करतो. पडद्यावर बघायचं असेल तर हाच मार्ग सोपा. आम्हाला छापून द्यायचे होते, तेव्हा दुसरा मार्ग घेतला. मॅटप्लॉटलिबकडून फक्त रेघा, स्तंभ आणि आकडे काढून घेतले. देवनागरी अंकांना जुळणी लागत नाही, ते नीट येतात. शीर्षक, महिन्यांची नावं आणि टिपा पिलो या पायथॉनच्या चित्र हाताळणाऱ्या लायब्ररीने वरून लिहिल्या. पिलोच्या जोडीला राक्म (Raqm) ही अक्षरजुळणीची लायब्ररी असली की जोडाक्षरं जशी हवीत तशी येतात. ‘सप्टेंबर’ नेमका कुठे लिहायचा, ती पिक्सेलमधली जागा मॅटप्लॉटलिबला विचारून घेता येते.

तरीही निकालात एक विचित्र प्रकार दिसला. काही आलेखांवर बिजगर्णी बरोबर, काहींवर चूक. कोड एकच, फॉन्ट एकच. निकालाच्या ओळीत यंत्राचं नावही परत द्यायला लावलं तेव्हा उलगडा झाला: चुकीचे सगळे आलेख ठरावीक यंत्रांवरून येत होते. पिलोच्या तयार पॅकेजमध्ये राक्म असतं, पण त्याला चालताना फ्रिबिडी (FriBiDi) ही आणखी एक लायब्ररी यंत्रावर बसवलेली लागते. ती नसेल तर पिलो काही न बोलता साध्या मांडणीवर येतो. त्या यंत्रांवर फ्रिबिडी बसवली. शिवाय फंक्शनच्या सुरुवातीलाच तपासणी घातली की राक्म उपलब्ध नसेल तर काम तिथेच थांबावं. गुपचूप चुकीचं नाव छापण्यापेक्षा काम पडलेलं बरं. आपल्या लिपीत क्लस्टरवर काही छापणार असाल तर ही तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा.

कन्नडचीही हीच वाट, फक्त नोटो सॅन्स कन्नड फॉन्ट घेऊन. ते कागद गोकाकच्या आमच्या एका सहकारी मॅडमनी नावानिशी तपासले. स्वतःला लिपी वाचता आली तरी त्या भाषेत वाढलेल्या माणसाची नजर लागतेच.

शेवटी मोजणी. नोंदींमधल्या केंद्र-वर्षांची यादी आणि पार्केटमधल्या चित्रांची यादी समोरासमोर लावून जे नाही ते बाहेर काढलं, आणि उरलेली केंद्रं पुन्हा चालवली. मग एका यंत्रावर तालुकावार चित्रं बाहेर काढून झिप केल्या. चित्राचं माप आठ बाय साडेचार इंच, इंचाला १५० पिक्सेल (डीपीआय), म्हणजे १२०० बाय ६७५ पिक्सेल. ए-फोर कागदावर दोन आलेख वाचता येतील असे बसतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यातही रेघा ओळखू येतात, कारण रंगांसोबत रेघांचे प्रकारही वेगळे ठेवले आहेत.

पार्केट आम्ही वर्ष आणि तालुका यांनुसार विभागून ठेवलं आहे. पावसाळा संपला की नव्या वर्षाचा विभाग तेवढा लिहायचा. सरासरीची रेघ ठरावीक वर्षांवर बांधून ठेवली आहे, त्यामुळे जुने आलेख बदलत नाहीत. हे करताना स्पार्कचा ‘पार्टिशन ओव्हरराइट मोड’ डायनॅमिक करून घ्यावा. तो मुळात स्टॅटिक असतो, आणि ओव्हरराइट (जुन्यावर नवं लिहा) म्हटलं की नव्या वर्षासोबत जुनी सगळी वर्षंही पुसली जातात.