मेट-एन्केफॅलिन, न्यूट्रोफिल आणि सीडी१३ : आकडा खाली आला तर आधी काय तपासावं

मेट-एन्केफॅलिन (शरीरातलंच ओपिऑइड पेप्टाइड) दिल्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी१३ ची (अमिनोपेप्टिडेज-एन हे एन्झाइम) अॅक्टिव्हिटी घटली, की ‘रिसेप्टरमार्फत परिणाम’ असं लगेच लिहू नका. हे पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड सीडी१३ चं स्वतःचं सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ) आहे. पहिलं टायरोसिन सीडी१३ तोडतं, तर तिसऱ्या-चौथ्यातला जोड पेशीवरचंच दुसरं एन्झाइम, सीडी१०. १०० मायक्रोमोलरला पेप्टाइड तुमच्या मोजणीच्या, तुटल्यावर रंग देणाऱ्या सब्स्ट्रेटशी सरळ स्पर्धा करतं. नॅनोमोलरला स्पर्धा नगण्य, पण तिथे पेशीच ते कापून संपवतात.

म्हणून पेप्टाइडसोबत ३० मिनिटं ३७ अंशांवर ठेवा, पेशी दोनदा धुवा, मगच सब्स्ट्रेट घाला. पेप्टाइड वाचवायला बेस्टॅटिन हा एन्झाइमरोधक घालायचा मोह इथे आवरायलाच हवा, कारण ते सीडी१३ लाच अडवतं. त्यापेक्षा सहजी न तुटणारं ओपिऑइड पेप्टाइड डीपीडीपीई समांतर लावा. ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं नॅलोक्सोन पेप्टाइडच्या १० मिनिटं आधी घाला. त्याने परिणाम थांबला नाही, तर टायरोसिन काढलेला तुकडा देऊन पाहा. तोही तसाच वागला तर ओपिऑइड रिसेप्टरचा संबंध नाही.

१ मिग्रॅ मेट-एन्केफॅलिन १.७४ मिलि पाण्यात म्हणजे १ मिलिमोलर. लहान भाग करून गोठवा, कारण मेथिओनिनचं ऑक्सिडेशन होतं. डोस १ पिकोमोलर ते १ मायक्रोमोलर, दहा-दहापटीने. मधल्याच डोसला परिणाम दिसणं ओपिऑइड पेप्टाइडांत नवल नाही. एकाच डोसवर निष्कर्ष काढणं मला मान्य नाही.

प्लेटच्या प्रत्येक खणात १ लाख पेशी, १ मिलिमोलर अॅलनिन-पॅरानायट्रोअॅनिलाइड (रंग देणारं सब्स्ट्रेट), एकूण २०० मायक्रोलिटर. ४०५ नॅनोमीटरवर दर ५ मिनिटांनी ४५ मिनिटं वाचन, आणि आलेखाच्या सरळ भागाचाच उतार घ्यायचा. रक्त हेपारिनमध्येच घ्या. सीडी१३ जस्तावर चालतं आणि रक्त गोठू नये म्हणून वापरलं जाणारं ईडीटीए धातू पकडून ठेवतं.

नागपूरच्या मे महिन्यात खरी गडबड फायकॉलवर (रक्तपेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव) होते. त्याला १८ ते २० अंश लागतात, आणि कूलरच्या खोलीत ते मिळत नाहीत. उष्णतेत तांबड्या पेशींचे गठ्ठे लवकर होतात, लिम्फोसाइट त्यांत अडकून तळाशी जातात आणि न्यूट्रोफिलमध्ये मिसळतात. एसी खोली, तापमान राखणारं सेंट्रिफ्यूज, ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. वॉर्डातून रक्त आणताना डबा उन्हात नको आणि नळी थेट बर्फातही नको.

विदर्भात सिकलसेल खूप आहे, त्यामुळे रक्तदात्याला हे विचाराच. तांबड्या पेशी फोडायला वापरतात त्या ०.८३ टक्के अमोनियम क्लोराइडलाही सिकल पेशी पुरत्या फुटत नाहीत, आणि हिमोग्लोबिन ४१५ च्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणजे तुमच्या ४०५ च्या वाचनात थेट शिरतं. सब्स्ट्रेटविना पेशींचा एक खण ठेवून ते वजा करा. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीन चालू असेल, तर तो नमुना या प्रयोगात घेऊ नका, कारण ही दोन्ही ओपिऑइड औषधं आहेत.