आई, पँथिऑन आणि उतार

आईचा फोटो काढणं हे दमवणारं काम आहे. कॅमेरा दिसला की ती पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरते, मान ताठ करते आणि आधार कार्डावर शोभेल असा चेहरा करते. रोममध्ये आम्ही चार दिवस होतो आणि चारही दिवस तिची अट एकच. "मी पण पूर्ण आले पाहिजे आणि मागचं देऊळ पण."

देऊळ म्हणजे कुठलीही जुनी इमारत. कलोझियम, म्हणजे जुन्या रोमन लढतींचं मैदान, तेसुद्धा देऊळच.

कलोझियम अख्खं यावं म्हणून मी मागे मागे सरकत रस्त्याच्या कडेला पोचले, तोवर आई मोहरीएवढी झाली होती. तिला जवळ बोलावलं, तर मागे नुसती भिंत उरली. त्या भिंतीत जागोजागी भोकं आहेत. दगड एकमेकांना धरून ठेवायला आत लोखंडी आकडे होते, ते मध्ययुगात लोकांनी उपटून नेले. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे भंगारवाले तेव्हाही होते."

पँथिऑन या जुन्या रोमन देवळासमोर तर मी हातच टेकले. पुढच्या ओसरीतला एकेक खांब म्हणजे इजिप्तहून आणलेला एकेक सलग दगड, जवळपास १२ मीटर उंच. आईसोबत फोटोत बसला तो एकच खांब, तोही गुडघ्यापर्यंत. वर कपाळपट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलंय की हे अग्रिप्पाने, म्हणजे एका रोमन सेनापतीने, बांधलं. खरं तर अग्रिप्पाची इमारत केव्हाच गेली. आत्ताची सम्राट हेड्रिअनच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पुरी झाली, पण त्याने जुनंच नाव राहू दिलं. दुसऱ्याने केलेल्या कामावर स्वतःची कोनशिला बसवणारे आपण पुष्कळ पाहिलेत. हा उलटा प्रकार मला फार आवडला.

माणशी पाच युरो मोजून आत गेलो. घुमटाच्या मधोमध सुमारे नऊ मीटर रुंदीचं मोकळं भोक आहे. काच नाही, झडप नाही. उन्हाचा एक मोठा गोल कवडसा भिंतीवर पडला होता आणि बघता बघता सरकत होता. माझ्या फोनला हे झेपेना. घुमट नीट दिसावा तर आभाळ पांढरं फटक, आभाळ सांभाळावं तर घुमटाचा काळोख. मी मान वर करून झगडत होते. आजूबाजूचे सगळेच माना वर करून झगडत होते.

एकटी आई खाली बघत होती.

"पाऊस आत येत असेल ना गं?"

"येतो की."

"मग हे बघ." संगमरवरी फरशीत बारीक भोकं पाडलेली होती, पाणी निघून जायला. आईने चपलेचा तळवा फरशीवर इकडून तिकडे फिरवला. "मध्ये उंच आणि कडेला उतार. अंगाला कळत पण नाही. आपल्या गच्चीला हे जमलं नाही." आमच्या गच्चीवर तीन पावसाळे पाणी साचतंय आणि ते थेट आईच्या खोलीच्या छतातून उतरतं. "ह्याचा काढ फोटो. मी नको त्यात."

चार दिवसांत तिने पहिल्यांदाच स्वतःला वगळलं होतं. मी उकिडवी बसून फरशीचा फोटो काढला. दोघातिघांनी, काय सापडलं म्हणून, माझ्यामागे येऊन आपलेही काढले.

घरी आल्यावर गच्चीच्या कामाला गवंडी आला, तेव्हा आईने माझा फोन मागून घेतला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"उतार चांगला काढलाय काकू," तो म्हणाला, "पण जाळी नाय बसवली. पाला तुंबंल."