सूर्यफुलाच्या डब्यात काळं तेल

काल संध्याकाळी मी इथं जर्मनीत, श्टुटगार्टात एका पार्ट्सच्या दुकानात दोन्ही हातांत सूर्यफूल तेलाचे ५ लिटरचे डबे घेऊन उभा होतो, आणि काउंटरवरचा पोरगा डब्यावरच्या पिवळ्या फुलाकडं बघत विचारत होता, यात आधी काय होतं? आता काय सांगू, दिवाळीच्या भज्या-चकल्यांचं तेल होतं. आत काय आहे, तर इंजिनचं साडेसहा लिटर जुनं तेल. तो म्हणाला, असं चालत नाही.

पहिल्यापासून सांगतो. आपली गाडी २००३ ची, सहा सिलिंडर, तीही सेकंडहँड घेतलेली. इथं दर दोन वर्षांनी तपासणी असते, केंद्र कुठलंही असो, सगळे तिला टीयूव्हीच म्हणतात. आपल्याकडं घरच्या गाडीला पंधरा वर्षं कोण विचारत नाही, पीयूसी काढली की झालं, इथं मात्र माणूस बॅटरी घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरतो. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, नुसतं ओलसर असतं तर कदाचित सुटलो असतो, पण थेंब पडत होता, त्यामुळं स्टिकर नाही आणि महिन्याच्या आत दुरुस्त करून परत दाखवा. गॅरेजवाल्यानं ११५० युरो सांगितले. पॅकिंग २८ युरोचं, बाकी सगळी मजुरी, कारण या गाडीचं चेंबर सरळ खाली निघतच नाही. इंजिन वरून आडव्या दांड्याला लटकवायचं, स्टिअरिंग रॅक बाजूला बांधायचा, पुढचा सबफ्रेम उतरवायचा आणि मग कुठं बोल्ट दिसतात. (गाडी बदल म्हणून बायको दोन वर्षं सांगतेय. तो विषय इथं नको.)

कोल्हापुरात काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं उद्यमनगरच्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, कडेला गॅरेज आहे, माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथं बोल्ट रॉकेलमध्ये धुण्यात गेल्या. मी म्हटलं चेंबरचं पॅकिंग गेलंय. ते म्हणाले, "तिथनंच गळतंय कशावरनं? आधी वरनं सगळं पुसून काढ, मग बघ. तेल नेहमी खालीच येतंय की रं." मला जरा राग आला, इथली माणसं मशीन लावून बघतात आणि हे फोनवरून सांगणार. तरी इंजिन धुतलं, तेलात चमकणारा रंग टाकला, शंभरेक किलोमीटर चालवून आणलं आणि रात्री निळा दिवा मारला. चेंबरच्या मागच्या कडेला हिरवी रेघ होतीच, पण दुसरी एक वर ऑइल फिल्टरच्या घरापासून निघून ब्लॉकवरून खाली आली होती. म्हणजे पॅकिंगं दोन. नुसतं चेंबरचं बदललं असतं तर परत थेंब आणि परत महिन्याची मुदत. काकांना फोटो पाठवला तर नुसता अंगठा आला.

इथं भाड्यानं वर्कशॉप मिळतं, लिफ्ट तासावर, हत्यारं त्यांची, घाम आपला. रस्त्यावर गाडी खोलून बसायची सोय नाही, बहुतेक गावांत बंदीच आहे. शनिवार पूर्ण आणि रविवार अर्धा गेला. शेजारच्या लिफ्टवर सत्तरीतले एक आजोबा होते, दोन तास माझ्याकडं नुसते बघत होते, आणि मी पॅकिंगला सगळीकडून सिलंट फासायला लागलो तसे आले आणि हातातून ट्यूबच काढून घेतली. काकांनी सांगितलेलं, अनाबॉण्ड (आपल्याकडचा सिलंट) लाव चांगला. पण हे पॅकिंग रबराची कड असलेलं, कोरडंच बसवायचं, सिलंट फक्त चार ठिकाणी, जिथं पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला भिडतं तिथं थेंबभर. इथं काका चुकले. पण त्यांच्या हाताला सवय उद्यमनगरची, तिथं कागदाचं पॅकिंग चेंबरवर अंथरून गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत कापून काढतात, भोकंसुद्धा तशीच, आणि ते बसतंही. हे आजोबांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला, त्यांना बहुतेक मी काहीतरी बांधकामाचं सांगतोय असं वाटलं.

मग टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा ते. बोल्टला १० न्यूटन मीटर, मधून सुरू करून बाहेर, आडवेतिडवे. काकांची पद्धत अशी की छोटा पाना घ्यायचा आणि हात पान्याच्या डोक्याजवळ धरायचा, जास्त जोर लागतच नाही. मी मुद्दाम चार बोल्ट तसे आवळले आणि वरून टॉर्क पाना लावला, ठरलेला जोर भरला की तो टिक करतो. तीन जागच्या जागी टिकटिकले, चौथा जरा सरकला. आजोबा काही बोलले नाहीत पण त्यांनी बघितलं, हे मी बघितलं.

तर तेल. इथं कायदा असा की ज्यानं इंजिन ऑइल विकलं त्यानं तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यायचं, जुना फिल्टरसुद्धा, पावती दाखवली की झालं. माझ्याकडं ७ लिटरची पावती होती. अडलं डब्यावर. जुन्या तेलात खायचं तेल, कूलंट, ब्रेकचं तेल, काहीही मिसळलेलं असलं की ते पुढं शुद्ध करता येत नाही, म्हणून तो विचारत होता. मी सांगितलं डबा धुतलाय, वाळवलाय. त्यानं झाकण उघडून वास घेतला. खरंच घेतला. मागं माणसं उभी आणि हा चकलीचा वास शोधतोय. डबा टाकवत नाही हो आपल्याला, त्याला मी काय करू. शेवटी आत जाऊन मॅनेजरला विचारून आला, तेल वेगळ्या कॅनमध्ये ओतून बाजूला ठेवलं, आणि मला इंजिन ऑइलचा एक रिकामा कॅन दिला, पुढच्या वेळेला यात आण म्हणाला. शरम वाटली आणि बरंही वाटलं.

इथल्या या पद्धतीचं कौतुक केलं की इथले लोक लगेच विचारतात, मग तुमच्याकडं काय करता? गटारात जातं कधीकधी, मी बघितलंय, खोटं कशाला बोलू. पण काकांच्या गॅरेजमधलं नाही जात. सेंट्रिंगवाले स्लॅबच्या प्लेटांना लावायला घेऊन जातात, कुणी वाळवीसाठी गोठ्याच्या लाकडाला मारतं. आमच्याकडं ते टाकाऊ कधी नव्हतंच. ते जमिनीत मुरतं की नाही हे आम्ही विचारत नव्हतो एवढंच.

रात्री काकांना हिशोब सांगितला, दोन पॅकिंगं, तेल, लिफ्ट, वर व्हील अलाइनमेंट धरून चारशेच्या आत. ते खूश. मग विचारलं, जुन्या तेलाचं काय केलंस?

"दुकानात परत दिलं."

"कितीला?"

"फुकट घेतात काका."

"फुकट दिलंस? लेका, इथं लिटरमागं पैसे देऊन नेतात."

आज सकाळी गाडीखालचा पुठ्ठा ओढून बघितला तर मधोमध एक ठिपका. पोटात गोळा आला. बोट लावलं, वास घेतला, काउंटरवरच्या पोरासारखाच. एसीचं पाणी होतं.