लेकीच्या गावाला, यलोनाइफला

१७ ऑगस्ट २०२३ ची सकाळ. दहिवडीत मी अंगणात सडा घालत होते आणि लेकीचा फोन आला. तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. "आई, गाव सोडायला सांगितलंय. सगळ्यांना. वणवा जवळ आलाय." शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कॅनडाच्या उत्तरेतलं अख्खं यलोनाइफ रिकामं करायचं होतं, म्हणजे वीस हजार माणसं. आणि दक्षिणेकडे जायला रस्ता एकच.

लेक तिथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती आणि जावई गाडीत बसले आणि पुढे दोन दिवस आम्ही फोनला चिकटून होतो. त्या रस्त्यावर मैलोन्‌मैल रेंज नाही. चार-चार तास काही कळायचं नाही. दक्षिणेच्या अल्बर्टा प्रांतात पोहोचल्यावर तिचा आवाज ऐकला तेव्हा हे पहिल्यांदा जेवले. ६ सप्टेंबरला लोकांना परत जायची परवानगी मिळाली आणि ही दोघं पुन्हा त्याच गावात गेली. ते मला समजेना. सूटकेस भरून निघालात ना एकदा, मग परत कशाला? मी तेव्हाच ठरवलं, हे गाव आपण जाऊन बघायचं. मनात खरं असं होतं की बघायचं आणि लेकीला घेऊन यायचं.

ज्यांची मुलं अशा दूरच्या गावात आहेत त्यांच्यासाठी व्हिसाचं नीट सांगते, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. अर्ज आधी एका एजंटाकडे दिला होता. त्याने यांच्या पेन्शनचा कागदच जोडला नव्हता. लेकीने पाठवण्याआधी सगळं पाहायला मागितलं म्हणून लक्षात आलं. मग अर्ज आम्हीच ऑनलाइन भरला. तिच्याकडून निमंत्रणपत्र, नोकरीचं पत्र, पगाराचे कागद. आमच्याकडून पेन्शन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, घरपट्टीचा उतारा आणि सातबारा. मुद्दा एकच असतो: तुमचं इथे काय आहे, ज्याच्यासाठी तुम्ही परत याल. सातबारा मराठीत, म्हणून मी स्वतः बसून इंग्रजी भाषांतर केलं. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे मी. पण घरातल्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. बाहेरच्या माणसाकडून पुन्हा करून घेतलं आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. ही चूक कुणी करू नका, आमचा पंधरवडा त्यात गेला.

पत्रात मी साध्या शब्दांत लिहिलं: लेकीकडे सहा आठवडे राहणार, पेरणीच्या कितीतरी आधी परत येणार. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, आणि दोघांच्या बोटांच्या ठशांचे मिळून १७०. ठसे द्यायला पुण्याला गेलो. यांचे ठसे काही केल्या उमटेनात. तिथल्या मुलीने ओल्या रुमालाने बोटं पुसून पुसून चार वेळा घेतले, एकदाही कपाळाला आठी न घालता. एकदा दिलेले ठसे १० वर्षं चालतात, हे ऐकून बरं वाटलं. पाच आठवड्यांनी पासपोर्ट मागवल्याचं पत्र आलं, म्हणजे व्हिसा मिळणार.

२०२५ च्या फेब्रुवारीत निघालो. मुंबई, लंडन, कॅल्गरी आणि तिथून सव्वादोन तासांचं शेवटचं विमान. कॅनडातलं पहिलं विमानतळ कॅल्गरी, म्हणून बॅगा तिथे उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, डिंकाचे लाडू, सगळं फॉर्मवर लिहून टाकलं होतं. अधिकाऱ्याने डबा उघडून बघितला, लाडू कशाचा ते विचारलं आणि जाऊ दिलं. खायचं काही नेत असाल तर लपवू नका.

यलोनाइफच्या विमानतळावर बॅगांच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं आहे. हे त्याच्याकडे बघत राहिले आणि मी दाराकडे. दार उघडलं. उणे ३१.

त्या थंडीची महाबळेश्वरशी तुलना करून काही हाती लागत नाही. पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ होतात. दुसऱ्या श्वासाला घसा आतून कोरडा पडतो आणि खोकला येतो. पायाखालचा बर्फ कोरड्या रव्यासारखा करकरतो. गाडीपर्यंतच्या पन्नास पावलांत माझ्या पापण्यांवर हिम धरलं. लेकीने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय बोलली? "आई, कानातलं काढ."

मी कुड्या घातल्या होत्या. धातू गार पडतो आणि त्याने कानाची पाळी गोठते. मंगळसूत्र आतल्या कपड्याच्या आत, चष्मा प्लास्टिकच्या काड्यांचा. पुढचे चार दिवस तिने आम्हा दोघांना पहिलीतल्या मुलांसारखं कपडे घालायला शिकवलं. अंगालगत लोकरीचे थर्मल, सुती अजिबात नाही, कारण सुती कापड घाम धरतं आणि तो घामच पुढे गारठवतो. त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचा जाड कोट, पार्का. तो विकत घेऊ नका. उत्तरप्रकाश, म्हणजे रात्रीच्या आभाळातले नॉर्दर्न लाइट्स, बघायला येणाऱ्यांना तिथे पार्का, बूट, सगळं भाड्याने मिळतं. हातात पाच बोटांचे मोजे नाहीत, मिटन. त्यात चारही बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. बुटाखाली लोखंडी दात्यांचा पट्टा, नाहीतर आमच्या वयात एक घसरण पुरते. आणि घाई करायची नाही. धाप लागली की गार हवा छातीत जाते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम तिने शेवटी सांगितला: एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. गोठायला लागलेली जागा ज्याची त्याला कळत नाही, दुखायचं आधी थांबतं. बघणाऱ्याला मात्र पांढरा डाग दिसतो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण यांच्या नाकाकडे मी एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो डाग दिसला. मी मिटन काढून उघडा तळवा त्यांच्या नाकावर धरला आणि तशीच त्यांना घेऊन जवळच्या दुकानात शिरले. पाच मिनिटांत रंग परत आला.

घराच्या आत वेगळीच गत. हीटरने हवा इतकी कोरडी होते की ओठ आणि टाचा फुटतात. नेलेलं खोबरेल तेल तिथे कामी आलं.

हे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. माण तालुक्यात टँकरच्या खेपा लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. जुन्या वस्तीत, ओल्ड टाउनमध्ये, फिरताना एका घरासमोर टँकर उभा दिसला आणि हे जागीच थांबले. पाण्याचा टँकर! तिथली घरं सलग खडकावर आहेत, नळ खोल पुरता येत नाहीत, म्हणून पाणी गाडीने येतं आणि सांडपाणीही गाडीनेच जातं. बाकीच्या शहरात नळ आहेत, पण पाणी थोडं गरम करून नळातून सतत फिरतं ठेवावं लागतं, थांबलं की गोठलं. यांनी चालकाला लेकीकरवी इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी नळी हातात देऊन दाखवली.

मग यांनी विचारलं, शेजारी एवढा ग्रेट स्लेव्ह लेक आहे, त्यातलं पाणी का नाही घेत? त्या उत्तराने आम्ही गप्प झालो. शहराला लागून जायंट नावाची सोन्याची खाण होती, १९४८ पासून २००४ पर्यंत चाललेली. दगडातून सोनं काढताना निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची २,३७,००० टन भुकटी अजून जमिनीखाली आहे. ती पाण्यात मिसळू नये म्हणून भोवतालची जमीनच कायम गोठवून ठेवायचं काम चालू आहे. त्या विषाच्या भीतीने शहराने १९६९ पासून पाणी यलोनाइफ नदीतून आणलं, तळ्याच्या तळातून टाकलेल्या आठ किलोमीटरच्या पाइपने. आपल्याकडे पाणी नाही म्हणून टँकर. तिथे डोळ्यांसमोर समुद्राएवढं पाणी आणि त्याला हात लावायचा नाही. इथले मूळ रहिवासी असलेल्या ज्या डेने लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी प्यायलं, त्यांचं सगळ्यात जास्त गेलं. त्याचा राग आला मला, अजून येतो.

त्यांच्या डेटा या वस्तीला हिवाळ्यात तळ्यावरून रस्ता असतो, साडेसहा किलोमीटर, निव्वळ गोठलेल्या पाण्यावरून. मध्ये गाडी थांबवून उतरलो. बर्फ काचेसारखा, आत खोलवर पांढऱ्या भेगा, आणि अधूनमधून खालून गडगडल्यासारखा आवाज. मी जावयाचा हात सोडला नाही. तो म्हणाला, "आई, आवाज येतोय म्हणजे बर्फ वाढतोय." तरीही मी सोडला नाही.

एका दुपारी प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या कातड्यांची आख्खी होडी पाहिली. विधानसभेच्या इमारतीतही गेलो. तिथे पक्षच नाहीत, निवडून आलेले सगळे मिळून कारभार बघतात. आणि यलोनाइफ ज्याची राजधानी, त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशाच्या चाळीस-पंचेचाळीस हजार लोकसंख्येला अधिकृत भाषा ११. भाषेची शिक्षिका म्हणून मला तो आकडा फार आवडला.

उत्तरप्रकाशाचं सांगायचं राहिलं. यलोनाइफ त्या प्रकाशाच्या ध्रुवाभोवतीच्या गोल पट्ट्याच्या बरोबर खाली येतं, भोवती उंच डोंगर नाहीत आणि हिवाळ्यात आभाळ बहुतेक स्वच्छ, म्हणून लोक जगभरातून येतात. तरी आमच्या पहिल्या दोन रात्री ढगांत गेल्या. निदान तीन-चार रात्री हाताशी ठेवून या. पाचव्या रात्री लेक-जावई आम्हाला इन्ग्राहम ट्रेलने प्रॉस्परस लेकवर घेऊन गेले. साडेबारा वाजले होते. आधी नुसता फिकट पांढुरका पट्टा दिसला, मला तो ढगच वाटला. फोनमध्ये तो हिरवा दिसत होता. मी म्हटलं, एवढंच?

मग तो हलला. वाऱ्यावर वाळत घातलेलं नऊवारी एका टोकापासून फडफडत जावं तसा तो पट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. हिरवा आता उघड्या डोळ्यांना हिरवा दिसत होता, आणि खालच्या काठाला गुलाबी. जावयाने सांगितलं, हिरवा ऑक्सिजनचा, शंभर किलोमीटरच्याही वरचा, आणि खालची गुलाबी किनार नायट्रोजनची. ऐकत होते, पण मान खाली घेववत नव्हती. आवाज कसलाच नाही. एवढं मोठं काहीतरी डोक्यावर चाललंय आणि आवाज नाही, याची सवय होईना. यांचा फोन गारठून बंद पडला होता. हे फोन खिशात टाकून नुसते उभे राहिले, डोळ्यांतून पाणी आणि ते पाणी पापणीवर गोठलेलं. मी त्यांच्या नाकाकडे बघून घेतलं. ठीक होतं.

परतताना गाडीत मी लेकीला विचारलंच. परत का आलात इथे, त्या वणव्यानंतर? ती म्हणाली, "दुकान उघडायचं होतं ना आई. लोक घरी आले, त्यांना गोळ्या लागणार होत्या." तिला घेऊन यायचं जे मनात होतं, ते मी त्या रात्री बोलले नाही. नंतरही नाही.

३० मार्चला पाडवा आला. साखरेची गाठी मी नेली होती. कडुनिंब वाळवलेला, पिशवीत चुरा झालेला. खण माझ्या बॅगेतला, काठी जावयाच्या हॉकीच्या स्टिकची. सकाळी बाल्कनीत उणे पंधरा होतं. तांब्या रात्रभर हीटर नसलेल्या बाहेरच्या खोलीत राहिला होता. मी उचलायला उघडा हात पुढे केला, तशी लेक ओरडली, "आई, मिटन!"

तिने स्वतःच्या मिटनांनी तो तांब्या उचलून काठीवर पालथा घातला. तेवढ्यात हे म्हणाले, गावाला हे नाव कसं पडलं माहीत आहे का? इथल्या डेने लोकांचे सुरे तांब्याचे असायचे, म्हणून त्यांना यलोनाइफ म्हणायचे. टँकरवाल्याने सांगितलं होतं त्यांना. मी गुढीला हळदकुंकू वाहिलं आणि लेकीच्या गालाकडे बघितलं, पांढरा डाग नाही ना ते.