गाडी लेट दिसली की आधी कारण वाचा : लंडनला रोज ट्रेनने जाणाऱ्यांसाठी

लंडनमध्ये नोकरी लागली की घरभाड्याचे आकडे बघून बहुतेक मराठी कुटुंबं शहराच्या कडेला किंवा बाहेर घर शोधतात. हॅरो, स्लाव, वॉटफर्ड, रेडिंग, मिल्टन कीन्स ही नावं मग घरच्यांच्याही तोंडी बसतात. रोजचा प्रवास ट्रेनचा, आणि ती ट्रेन अधूनमधून अडकतेच. नवीन माणूस फलकावर फक्त ‘किती मिनिटं लेट’ एवढंच बघतो. पण तो आकडा दर दोन मिनिटांनी बदलणारा अंदाज असतो. त्याच्याखाली जे कारण लिहिलेलं असतं, त्यावरून थांबायचं, दुसऱ्या मार्गाने जायचं की घरी परतून लॅपटॉप उघडायचा हे ठरवता येतं.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे सिग्नल फेल. बऱ्याच मार्गांवर रुळांमधून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात, आणि त्या टप्प्यात गाडी आहे हे यंत्रणेला कळतं. वायर तुटली, पाणी साचलं किंवा रुळांच्या जोडातलं इन्सुलेशन खराब झालं, तरी यंत्रणा ‘इथे गाडी आहे’ असंच धरून चालते आणि मागचा सिग्नल लाल ठेवते. सुरक्षेच्या दृष्टीने हेच योग्य आहे. मात्र त्यानंतर प्रत्येक चालकाला लाल सिग्नलपाशी थांबून सिग्नल केंद्राशी बोलावं लागतं, परवानगी घ्यावी लागते आणि तो टप्पा हळू पार करावा लागतो. म्हणजे गाड्या चालू असतात, पण एकामागे एक रांगेत. तुमची गाडी त्या टप्प्याच्या जवळ असेल तर बसून राहा. पण घरून निघायच्या आधीच हे कळलं, तर पाऊण तास उशिरा निघालेलं बरं.

पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, अडकला तर गोष्ट वेगळी. तिथे एखादी दिशा पूर्ण बंद होते आणि दुसरी सुरू राहते. म्हणून ‘कुठल्या स्टेशनांच्या मध्ये’ हे नीट वाचा. आपली लाइन त्या सांध्यावरून वळते का, एवढंच बघायचं. वळत नसेल तर तुमच्या गाडीला थोडा उशीर होईल आणि विषय संपेल.

ओव्हरहेड वायर तुटली असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. २५,००० व्होल्टचा पुरवठा बंद करायचा, तो खरंच बंद आहे याची खात्री करायची, रुळांवर चालणारी यंत्रं तिथे आणायची, मग वायर ताणायची. यात अनेक तास जातात. सकाळी अशी बातमी दिसली तर संध्याकाळचा परतीचा प्रवासही बिघडणार असं गृहीत धरा आणि शक्य असेल तर त्या दिवशी घरूनच काम करा. थेम्सच्या दक्षिणेकडे बहुतांश मार्गांवर वरची वायर नसतेच. तिथे रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्टची वीज मिळते. थंडीत त्या रुळावर बर्फ बसला की गाडीला वीज मिळत नाही, म्हणून कडाक्याच्या पहाटे पहिल्या काही गाड्या हमखास मागे पडतात.

एखादी व्यक्ती गाडीखाली आल्याची सूचना असेल, तर लाइन पुन्हा सुरू व्हायला साधारण दीड ते दोन तास लागतात. बहुतेकदा आधी सगळ्याच लाइन बंद करतात. पोलीस आणि रुग्णवाहिका यायला लागते, चालकाला कामावरून मोकळं करून दुसरा चालक आणायला लागतो. तिथे उभं राहून काही होत नाही. लगेच दुसरा मार्ग धरा. त्या दिवशी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द मऊ बोला, त्यांच्यातल्या कुणीतरी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तुमचं स्वतःचं मन थाऱ्यावर नसेल, तर समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ११६ १२३ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

चालक किंवा गार्ड नसल्यामुळे गाडी रद्द झाली असेल, तर ते त्यातल्या त्यात सौम्य. तुमची एक गाडी गेली, पुढची बहुधा येते. फक्त ती दुप्पट भरलेली असेल, म्हणून प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहा. बहुतेक लोक जिन्याजवळ घोळका करतात आणि पहिले-शेवटचे डबे मोकळे राहतात. पण काही स्टेशनांचे प्लॅटफॉर्म लांबीला कमी असतात आणि तिथे ठरावीक डब्यांचेच दरवाजे उघडतात, तेव्हा आपल्या उतरायच्या स्टेशनचं आधी बघून ठेवा.

‘लाइन पुन्हा सुरू’ ही घोषणा ऐकून निश्चिंत होऊ नका. गाड्या आणि चालक तोवर भलत्याच ठिकाणी अडकलेले असतात. साडेआठला लाइन सुरू झाली तरी साडेदहापर्यंत गाड्या रद्द होत राहतात, काही मधल्याच स्टेशनवरून परत फिरवल्या जातात, काहींचे थांबे वगळले जातात. त्यामुळे चढताना फलकावर थांब्यांची यादी पुन्हा वाचा. रोजची गाडी असली तरी त्या दिवशी ती तुमच्या स्टेशनला थांबेलच असं नाही. आणि अशा वेळी स्लो गाडी समोर उभी असेल तर तीच पकडा. न आलेल्या फास्ट गाडीपेक्षा ती नक्की पोहोचवते.

माहितीसाठी दोन ठिकाणं पुरतात. नॅशनल रेलच्या वेबसाइटवर प्रत्येक मोठ्या अडचणीचं वेगळं पान असतं: कारण, कधीपर्यंत, आणि कुठल्या दुसऱ्या गाड्यांत तुमचं तिकीट चालेल. दुसरं, रिअलटाइम ट्रेन्स ही वेबसाइट. इथे गाडी प्रत्येक स्टेशनवरून प्रत्यक्ष कधी गेली हे दिसतं. तुमच्या स्टेशनच्या आधीची तीन-चार स्टेशनं बघा. उशीर सगळीकडे सात मिनिटांचाच असेल तर गाडी नीट चालली आहे. चार, सात, बारा असा वाढत असेल तर ती रांगेत अडकली आहे आणि फलकावरची वेळ खोटी ठरणार. संध्याकाळी यूस्टन किंवा वॉटरलूसारख्या टर्मिनसवरून निघताना उलट दिशेची गाडी तपासा. १८:१० ला सुटणारी गाडी बहुधा थोडा वेळ आधी आलेल्या गाडीचीच बनते. ती अजून वाटेत असेल, तर फलक काहीही म्हणो, तुमची गाडी वेळेवर सुटणार नाही.

आता दुसरा मार्ग. इथे नवीन माणसं पैसे गमावतात. तिकीट एका मार्गाचं असेल तर दुसऱ्या मार्गावर ते आपोआप चालत नाही. गोंधळ मोठा असेल तर कंपन्या आपसात ठरवून ‘टिकेट ॲक्सेप्टन्स’ जाहीर करतात. त्यात कधी दुसरी रेल्वे कंपनी, कधी ट्यूब (लंडनची भुयारी मेट्रो), कधी बस असते. ते नॅशनल रेलच्या पानावर वाचा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि मगच चढा. जाहीर झालेलं नसताना गेलात तर इंग्लंडमध्ये पेनल्टी फेअर, म्हणजे दंड, १०० पाउंड अधिक एकेरी भाडं. २१ दिवसांत भरल्यास ५० पाउंड अधिक भाडं. कॉन्टॅक्टलेस कार्डाने प्रवास करणाऱ्यांना मार्ग बदलायला मोकळीक असते, पण ते कार्ड दोन्ही टोकांच्या स्टेशनांवर चालतं ना, हे बघायला हवं.

म्हणूनच घर निवडताना आमचा ठाम सल्ला: एका लाइनच्या भरवशावर राहू नका. रेडिंगहून पॅडिंग्टनला जाणारी मुख्य लाइन आणि एलिझाबेथ लाइन दोन्ही आहेत, पण त्या बऱ्याच अंतरापर्यंत शेजारून धावतात. एक अडकली की दुसरीलाही त्रास होतो. खरा पर्याय म्हणजे रेडिंग ते वॉटरलू. वेळ खूप जास्त लागतो, जवळपास एक तास वीस मिनिटं, पण ती लाइन पूर्ण वेगळी आहे. स्लावकरांसाठी विंडसरची छोटी शाखा आहे: सहा मिनिटांत विंडसर अँड ईटन सेंट्रल, तिथून चालत रिव्हरसाइड स्टेशन, आणि वॉटरलूची गाडी. हॅरोला हॅरो-ऑन-द-हिल आणि हॅरो अँड वील्डस्टोन ही दोन स्टेशनं वेगवेगळ्या लाइनवर आहेत. दोन्हींपर्यंत बस किंवा चालत पोहोचता येईल असं घर मिळालं तर ते चार पैसे जास्त देऊन घ्यावं. वॉटफर्डला जंक्शनशिवाय मेट्रोपॉलिटन लाइनचं स्टेशन आहे. हा पर्यायी मार्ग एखाद्या शनिवारी मुद्दाम एकदा करून बघा. गोंधळाच्या दिवशी बसचा थांबा शोधत बसायला वेळ नसतो.

ऋतूंचाही हिशेब असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडलेली पानं चाकांखाली चिरडून रुळांवर काळा, गुळगुळीत थर बसतो. गाडीचं ब्रेकिंग अंतर वाढतं, वेग घ्यायला वेळ लागतो, शिवाय त्या थरामुळे वर सांगितलेली रुळांतली वीज चाकांपर्यंत नीट पोहोचत नाही. रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल ही संस्था रात्री जोरदार पाण्याचे फवारे मारून रूळ धुते, तरी पाऊस आणि वारा एकत्र आले की सकाळी उशीर होतोच. काही कंपन्या या दिवसांत गाड्या दोन-तीन मिनिटं आधी सोडतात, तेव्हा रोजची वेळ डोक्यात धरून धावत जाऊ नका. उन्हाळ्यात उलटं. इथले रूळ २७ अंश सेल्सिअस तापमानाला ताणमुक्त राहतील असे बसवलेले असतात. हवा तिशीपार गेली की रूळ त्याहून कितीतरी जास्त तापतात आणि वाकू नयेत म्हणून वेगमर्यादा लावतात. आपल्याकडच्या माणसाला तीस अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आपल्याकडचे रूळ जास्त तापमानासाठी ताणलेले असतात. रविवार, ईस्टर आणि नाताळात मेगाब्लॉक असतात. २५ डिसेंबरला तर गाड्या जवळजवळ नसतातच. त्या दिवशीच्या विमानासाठी ट्रेनवर विसंबू नका.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर काहीही झालं तरी स्वतः दरवाजा उघडून खाली उतरू नका. तिसरा रूळ जिवंत असू शकतो, शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते, आणि एक माणूस खाली उतरला की सगळ्या परिसरातली वीज बंद करावी लागते, म्हणजे मागच्या सगळ्या गाड्या आणखी तासभर अडकतात. वीज गेली की एसी बंद होतो. बॅगेत पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि कोरडा खाऊ रोज असू द्या. एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांत टॉयलेट नाही, तेवढं लहान मुलांबरोबर निघताना लक्षात ठेवा.

आणि आता पैसे, जे बरेच जण आळसाने सोडून देतात. ‘डिले रिपे’ योजनेत बहुतेक कंपन्या १५ मिनिटांपासून भरपाई देतात, आणि चूक कंपनीची होती की पावसाची याने फरक पडत नाही. १५ ते २९ मिनिटं उशीर असेल तर एकेरी भाड्याच्या २५ टक्के, ३० ते ५९ ला ५० टक्के, ६० ते ११९ ला पूर्ण एकेरी भाडं, आणि १२० मिनिटांपुढे परतीच्या तिकिटाची पूर्ण रक्कम. उशीर मोजतात तो शेवटच्या स्टेशनवर पोहोचलात त्या वेळेचा. मधली जोडगाडी चुकून झालेला उशीरही धरतात. अर्ज २८ दिवसांत करायचा. दर वेळी पोहोचल्या पोहोचल्या ऑनलाइन भरून टाका, पाच मिनिटंही लागत नाहीत.

सीझन तिकीटवाल्यांना पण हे मिळतं. वार्षिक तिकिटाला ४६४ ने, मासिकाला ४० ने, साप्ताहिकाला १० ने भागून एकेरी प्रवासाची किंमत धरतात. समजा वार्षिक तिकीट ५,००० पाउंडांचं आहे. एक फेरी १० पाउंड ७८ पेन्सची झाली. अर्ध्या तासाच्या उशिराला ५ पाउंड ३९ पेन्स मिळतात. एका वेळेला ही रक्कम छोटी दिसते, पण वर्षाचा हिशेब मांडला तर चांगलीच भरते.

एक बारीक मुद्दा. उशीर तुलना करतात ती आदल्या रात्री १० वाजता जाहीर असलेल्या वेळापत्रकाशी. वादळाची सूचना असल्यामुळे आदल्या संध्याकाळीच कंपनीने गाड्या कमी केल्या असतील, तर तुमची नेहमीची गाडी नव्हती याची भरपाई मिळत नाही. ट्यूबचे नियम वेगळे आहेत: ट्यूब आणि डीएलआर या हलक्या रेल्वेला १५ मिनिटं, एलिझाबेथ लाइन आणि ओव्हरग्राउंड या उपनगरी रेल्वेला ३० मिनिटं. कार्ड खात्यावर नोंदवलेलं असेल तरच अर्ज सोपा जातो. आणि गाडी रद्द झाल्यामुळे तुम्ही प्रवासच केला नाही, तर डिले रिपे नको, न वापरलेल्या तिकिटाचा पूर्ण परतावा मागा.

घरच्या बाजूने सगळ्यात नाजूक वेळ संध्याकाळची. नर्सरी बहुतेक सहाला बंद होतात आणि उशिराचे पैसे मिनिटांवर लावतात. मूल घ्यायला जाऊ शकेल अशा दोन व्यक्तींची नावं नर्सरीत आधीच लेखी देऊन ठेवा, पासवर्डसकट. ऐन वेळी शेजाऱ्याला पाठवलं तर नर्सरी मूल हाती देत नाही. नवरा-बायको दोघेही एकाच लाइनने ऑफिसला जात असतील, तर शक्य तितक्या दिवशी एकाने घरून काम करावं.

नव्याने येणाऱ्यांनी वार्षिक तिकीट लगेच काढू नये. ते ४० आठवड्यांच्या किमतीत मिळतं म्हणून आकर्षक वाटतं, पण साधारण दहा महिन्यांनंतर परत केलं तर जवळजवळ काहीच हातात येत नाही, आणि तोवर घर किंवा नोकरी बदललेली असू शकते. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर फ्लेक्सी सीझन बघा: २८ दिवसांत वापरायचे एकेका दिवसाचे ८ पास. दोन-तीन महिने असं काढा, कुठली गाडी खरंच वेळेवर येते ते टिपून ठेवा, आणि मग वर्षाचे पैसे गुंतवा.